नवरा चाळीस दिवस बाहेरगावी होता आणि मला मिसळ आठवली नाही

पत्र थोडक्यात असं आहे. (ओळख पटेल असे तपशील तिला विचारून बदललेत.)

नाशिकच्या इंदिरानगरला राहणारी एक वाचक, वय 38, लग्नाला 13 वर्षं, मुलगा 11 वर्षांचा. ती एका सीएच्या ऑफिसात अर्धा दिवस जाते, नवरा अंबड एमआयडीसीत. सासूबाई सहा महिने यांच्याकडे, सहा महिने धाकट्या दिराकडे. मध्यंतरी कंपनीनं नवऱ्याला 40 दिवस चेन्नईला पाठवलं, सासूबाईही तेव्हा दिराकडेच होत्या, आणि त्या दिवसांत हिला "इतकं मोकळं वाटलं की माझी मलाच भीती वाटली". दर रविवारी सकाळी तिघं मिसळ खायला जातात, हा 13 वर्षांचा नेम. तिसऱ्या रविवारी हिच्या लक्षात आलं की आपल्याला मिसळ आठवलीसुद्धा नाही, बहुतेक ती आपल्याला आवडतच नाही. नवरा परत आला त्या रात्री लिफ्टबाहेर त्याच्या बॅगेच्या चाकांचा आवाज आला आणि हिच्या पोटात गोळा आला. नवरा वाईट नाही, हे पत्रात चारदा लिहिलंय.

पुढे महिन्याभरानं तिच्या वाचन ग्रुपमध्ये एकीनं अमेरिकन लेखिका केट शोपॅनची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' ही गोष्ट मराठीत करून वाचून दाखवली आणि ही ऐकता ऐकता रडली. ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, ज्या बाईला ही गोष्ट पटते तिच्या घरात काहीतरी बिघडलेलं असतं. घरी येऊन हिनं नवऱ्याला गोष्ट दोन वाक्यांत सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे मी मेलो की पार्टी का?" आता तो हाच जोक पाहुण्यांसमोर करतो. तिचे प्रश्न तीन. माझ्यात काही खोट आहे का? ग्रुप सोडून देऊ का? आणि भावाचा पाथर्डी फाट्याला रिकामा फ्लॅट आहे, काही महिने वेगळं राहून बघू का?

---

अगं, आधी मिसळीचं बोलू.

नाशिकमध्ये राहून मला मिसळ आवडत नाही असं म्हणायला नवरा सोडण्यापेक्षा जास्त धाडस लागतं, हे मी हसत लिहितेय पण अगदीच खोटं नाहीये. तुझ्या आख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली, बॅगेच्या चाकांची नाही. 13 वर्षं म्हणजे साडेसहाशेच्या वर रविवार होतात गं. तेवढ्या रविवारी तू तर्री कमी जास्त करत, ताक मागवत एक गोष्ट खाल्लीस आणि ती तुला आवडते की नाही हा प्रश्न तुला कुणी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर तूही स्वतःला विचारला नाहीस. कुणी जबरदस्ती केली का? नाही. कुणी वाईट वागलं का? तेही नाही. तरी साडेसहाशे रविवार गेलेच ना.

आता त्या गोष्टीकडे येते, कारण इथे वाचणाऱ्या सगळ्यांनी ती वाचलेली नसेल. लुईझ मॅलार्ड नावाची बाई, हृदय नाजूक, म्हणून तिला बातमी हळूहळू, जपून सांगतात की रेल्वेचा अपघात झाला आणि मृतांच्या यादीत तुझ्या नवऱ्याचं नाव पहिलं आहे. ती बहिणीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडते, मग एकटी खोलीत जाते, खिडकीसमोरच्या आरामखुर्चीत बसते. बाहेर वसंत ऋतू, पावसाचा वास, खाली रस्त्यावर फेरीवाला ओरडतोय, चिमण्या. आणि तिथे बसल्या बसल्या तिच्या तोंडून नकळत एक शब्द बाहेर येतो, फ्री, फ्री, फ्री. मग ती खाली उतरते आणि दार उघडून नवरा आत येतो, हातात प्रवासी बॅग आणि छत्री, त्याला तर अपघात झाल्याचंही माहीत नाही. ती तिथेच मरते. डॉक्टर म्हणतात आनंद सहन झाला नाही. सगळं मिळून एक तास. ही गोष्ट 1894 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या 'व्होग' मासिकात आली होती, हो तेच फॅशनवालं व्होग, तेव्हा नुकतंच निघालं होतं.

त्या काकू म्हणाल्या तसं ही बिघडलेल्या घराची गोष्ट आहे असं समजून तू परत एकदा वाच, तुला कळेल की शोपॅनबाईंनी मुद्दाम तसं होऊ दिलेलं नाही. नवरा मारत नाही, पीत नाही, दुसऱ्या बाईकडे जात नाही. गोष्टीतच लिहिलंय की त्याचा चेहरा तिच्याकडे प्रेमाशिवाय कधी वळला नाही, आणि ती हेही कबूल करते की माझं त्याच्यावर प्रेम होतं, कधीकधी, बऱ्याचदा नव्हतंही. वाईट नवरा लिहिणं सोपं होतं गं, मग वाचणारा म्हणाला असता सुटली बिचारी, आणि विषय संपला असता. चांगला नवरा ठेवला म्हणून गोष्ट सव्वाशे वर्षांनंतर इंदिरानगरमध्ये एका बाईला रडवते.

आणि इथे मला मराठीचीच एक गंमत सांगायचीये. तुमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीनं त्या 'फ्री'चं भाषांतर 'सुटले, सुटले' केलं असं तू लिहिलंयस. भाषांतर छान आहे, ऐकायला जोरदार. पण आपल्याकडे 'सुटली' कधी म्हणतात आठव बरं. बाई गेली की म्हणतात. सासुरवासात गेली, दुखण्यात गेली, सुटली बिचारी. म्हणजे आपल्या भाषेत बाईच्या सुटण्याचा रस्ता बराचसा स्मशानातून जातो, नाहीतर मग नवऱ्याच्या स्मशानातून. तुझं पत्र मी पेन घेऊन वाचलं. 'सुटले' हा शब्द तू स्वतःबद्दल एकदाही वापरलेला नाहीस, फक्त त्या भाषांतरापुरता आलाय. 'मोकळं' मात्र पाचदा आलाय. मोकळं वाटलं, मोकळा श्वास, मोकळेपणानं झोपले, घर मोकळं मोकळं, मोकळ्या केसांनी गॅलरीत बसले. सुटायला कुणीतरी धरून ठेवलेलं असावं लागतं, मोकळं व्हायला फक्त जागा लागते. तू स्वतःच्या नकळत तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवलंयस, मी फक्त शब्द मोजले.

तर नाही, तुझ्यात खोट नाही. पण म्हणून सगळं ठीकच आहे, असंही मी म्हणणार नाही, कारण पोटात गोळा आला ही गोष्ट खरी आहे.

तू चारदा लिहिलंस की नवरा वाईट नाही. मला हे वाक्य जरा खटकतं. म्हणजे तो वाईट असेल असं मला म्हणायचं नाही, पण या वाक्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, की नवरा चांगला असला की तक्रार करायचा हक्क संपतो. आपल्या आयांनी हे आपल्याला दुधातून पाजलंय, हात उचलत नाही ना, पगार घरात देतो ना, मग? शार्लट पर्किन्स गिलमन नावाच्या बाईंनी 1892 मध्ये 'द यलो वॉलपेपर' लिहिली, त्यातला नवरा तर डॉक्टर आहे आणि काळजीचा पुतळा आहे. बायकोला बाळंतपणानंतर उदास वाटतं म्हणून तो तिला हवेशीर बंगल्यात नेतो, औषधं वेळेवर, विश्रांती सक्तीची, आणि लिहायला बंदी, कारण लिहिलं की थकशील. ती म्हणते मला ही खोली नको, तो लाडानं हसतो आणि तीच खोली देतो. शेवटी ती भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीत अडकलेली बाई बघायला लागते. गिलमनबाईंना स्वतःला असे उपचार झाले होते, त्या काळच्या एका नावाजलेल्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं की आयुष्यभर पेन हातात घेऊ नका. त्या गोष्टीत एकही वाईट माणूस नाही बघ, सगळे तिचं भलंच करतायत.

शोपॅनबाईंनी हे एका वाक्यात पकडलंय. लुईझला खिडकीत बसून जे दिसतं ते असं, की यापुढे कुणी आपली इच्छा आपल्यावर लादणार नाही, आणि लादणाऱ्याचा हेतू प्रेमाचा होता की क्रूर होता यानं त्या लादण्याचा गुन्हा कमी होत नाही. त्या वाक्यात आणखी एक बारीक शब्द आहे, तो बहुतेक जण वाचताना गाळतात, त्यावर मी शेवटी येईन.

आता तुला एक काम देते. त्या 40 दिवसांत नेमकं काय काय हलकं झालं होतं ते लिहून काढ. 'सगळं' असं लिहायचं नाही, बारीक लिही. तू पत्रात ओघात बरंच सांगितलंयस त्यातलंच घेते. रात्री साडेनऊला पोहे खाल्ले. लाइट चालू ठेवून एक वाजेपर्यंत वाचलं. शनिवारी कुणाला न विचारता सावानात जाऊन तीन तास बसले. (नवीन वाचकांसाठी, सावाना म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, 1840 चं, एवढी जुनी जागा गावात असून निम्म्या नाशिकनं आत पाय ठेवलेला नाही, जाऊ दे.) टिफिन एकच. सासूबाईंचं साडेसातचं जेवण नाही. फोन वाजला की पोटात धस्स नाही.

बघ, यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात. काही ठिकाणी काम कमी झालं होतं. सासूबाईही नव्हत्या हे तू पत्रात एका ओळीत उडवून लावलंस, पण साडेतीन माणसांच्या ऐवजी दीड माणसाचा स्वयंपाक होता, कुणालाही मोकळंच वाटेल, त्यात लग्नाचा काय संबंध! ते पोळ्यांना बाई लावून किंवा नवऱ्याला रात्रीचा कुकर लावायला लावून सुटतं. काही ठिकाणी कुणी बघत नव्हतं, म्हणजे किती वाजता झोपलीस, काय वाचतेस, कुठे निघालीस हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. हा भाग लग्नाबद्दलचा आहे आणि याच्यावर बोलायला हवं, पुढे बोलते.

आणि तिसरं ते फोनचं. फोन वाजला की धस्स होतं, हे तू एकदाच लिहिलंस आणि पुढे काहीच नाही, म्हणून इथे मला थांबावं लागतंय. ती धस्स कामाची आहे, परत कुणीतरी काहीतरी सांगणार अशी, की भीतीची आहे? तुझं उत्तर पहिलं असेल असं बाकी पत्रावरून वाटतं. पण तू किंवा हे वाचणारी दुसरी कुणी जर मनात दुसरं उत्तर देत असेल, म्हणजे आवाज चढतो, हात उठतो, पैसे अडवले जातात, माहेरी जाऊ दिलं जात नाही, तर माझं बाकीचं सगळं बोलणं बाजूला ठेवायचं. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112 आहे, आणि 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, पैशाची अडवणूक आणि मानसिक छळही त्यात येतो, आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तुला तिथे राहायचा हक्क त्यात आहे. तिथे मिसळीच्या चर्चा करत बसायचं नाही.

भीती नाही असं धरून पुढे जाते.

तू एक वाक्य लिहिलंस, "त्यानं मला कधीच कशाला नाही म्हटलं नाही." छान. पण मग प्रश्न त्याच्यापर्यंत जातोच कसा दर वेळी? आपल्याकडे बायका दोन पद्धतीनं घराबाहेर पडतात, विचारून आणि सांगून. पुरुष बहुतेक सांगून जातात, कधीकधी तेही नाही. तू एक आठवडा नुसतं लक्ष ठेव की तू किती वाक्यं 'करू का, जाऊ का, घेऊ का' अशी बोलतेस. आणि मग भांडण नको, जाहीर घोषणा नको, फक्त क्रियापद बदल. "शनिवारी मी सावानात जाऊ का?" याऐवजी "शनिवारी चार ते सात मी सावानात असणारे, तुझं काही असेल तर आधी सांग." त्याच्या सोयीचा विचार यातही आहे, पण परवानगी नाही. पहिल्या दोनतीन वेळा तुझाच आवाज कापेल, त्याला कदाचित कळणारही नाही की काहीतरी बदललंय. माझ्या बाबतीत हे वयाच्या पंचेचाळिशीत झालं आणि आमच्याकडे तर कुणाच्या लक्षातच आलं नाही, मीच आठवडाभर वाट बघत होते की आता कुणीतरी काहीतरी म्हणेल.

आता फ्लॅटचं. हा तुझा खरा प्रश्न आहे आणि तो तू शेवटी दोन ओळींत लिहिलास.

निघून गेलेल्या बायकांची गोष्ट म्हटली की मला टागोरांची 'स्त्रीर पत्र' आठवते, 1914 ची. मृणाल लग्नानंतर 15 वर्षांनी पुरीहून नवऱ्याला पहिलंवहिलं पत्र लिहिते, पहिलं का तर आजवर दोघं कधी लांबच गेले नव्हते, पत्र लिहायला जेवढं अंतर लागतं तेवढंही कधी मिळालं नाही. (तुझे 40 दिवस आठवले मला हे वाचून.) तीही म्हणते, तुमच्या घरात खाण्यापिण्याचे हाल नव्हते, तुमच्याबद्दल देवाकडे तक्रार करावी असंही काही नव्हतं. तरी ती परत जात नाही. का, तर बिंदू. तिच्या जावेची निराधार बहीण, तिला एका वेड्या माणसाच्या गळ्यात बांधतात, ती पळून येते, तिला परत पाठवतात, आणि ती पोर शेवटी कपड्यांना आग लावून घेते. मृणालला तेव्हा कळतं की या घरात बाईची किंमत काय आहे. म्हणजे बघ, मृणालला जायला कारण होतं आणि ते नवऱ्याच्या स्वभावापेक्षा फार मोठं होतं. ती कंटाळून गेली नाही, हलकं वाटावं म्हणूनही गेली नाही.

तुझ्याकडे बिंदू आहे का? पत्रात तरी दिसत नाही. म्हणून तू जाऊच नकोस असं नाही, पण जायचं तर कशापासून चाललेय ते माहीत असू दे.

आणि अजून एक, भावाचा फ्लॅट हा भावाचा असतो गं. विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 1933 चा, टोपणनावानं आला आणि ही बाई नक्की कोण यावर तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्यात शिकलेल्या, कमावत्या मुली आहेत, नवरा नाहीये, आणि तरी मोकळ्या नाहीयेत, कारण त्यांच्या पगारावर बापाचं घर चाललंय आणि लग्न लांबणीवर पडतंय. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे त्यातल्या एका गोष्टीचं नाव, बस, नावातच सगळं आलं. नवऱ्याचं घर तुझं नाही आणि भावाचं तुझं आहे, हे गणित कागदावर मांडून बघ. पहिल्या महिन्यात वहिनी चहा घेऊन येईल, दुसऱ्या महिन्यात विचारेल मग काय ठरलं, तिसऱ्या महिन्यात आई म्हणेल आता पुरे. राहायचंच असेल तर भाडं देऊन राहा, कमी का होईना, आणि किती दिवस ते आधी ठरवून. तुझा अर्ध्या दिवसाचा पगार कुठल्या खात्यात जातो हेही तू लिहिलेलं नाहीस. जॉइंट खात्यात जात असेल तर आधी एक स्वतःचं खातं उघड, त्यात महिन्याला जमेल ते टाक. फ्लॅटच्या आधी हे.

मधला रस्ता पण असतो. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक, 'स्मृतिचित्रे'वाल्या. अकराव्या वर्षी लग्न, नवरा कवी, प्रेमळ आणि तितकाच लहरी. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, घरातून, जातीतून, सगळीकडून तुटले. त्या काळात बाईनं काय करायचं, नवऱ्यामागं जायचं नाहीतर जन्मभर त्याचं नाव टाकायचं. लक्ष्मीबाईंनी दोन्ही लगेच केलं नाही. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या, मग आपल्या अटींवर त्याच्याजवळ राहायला आल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःचं मन वळल्यावर. पाच वर्षं घेतली बाईनं. नवऱ्यावर जीव होता आणि तरी आपलं मत आपल्याजवळ ठेवलं. मी गोष्टींबद्दल लिहितेय आणि हे आत्मचरित्र आहे हे मला कळतंय, पण गोष्टी एका तासात संपवाव्या लागतात, म्हणून त्यात बाई मरते नाहीतर पुरीला जाते. ज्या बाईला उद्या सकाळी परत दूध तापवायचंय तिनं कुठल्या पानावर बघायचं? म्हणून लक्ष्मीबाई.

तर माझं मत विचारशील तर भावाकडे काही महिने नको, आत्ता नको. त्याऐवजी वर्षातून चारपाच दिवस एकटीनं कुठेतरी जा, कारण न सांगता. लग्न नाही, आजारपण नाही, देवदर्शन नाही. आणि आठवड्याला एक संध्याकाळ तुझी. तीन महिने हे कर आणि मग बॅगेच्या चाकांचा आवाज आला की पोटात काय होतं ते बघ. गोष्टीत एक जागा आहे, लुईझ म्हणते कालपर्यंत आयुष्य फार लांबेल की काय या विचारानं माझा थरकाप व्हायचा. गोळ्यापेक्षा मला हा थरकाप जास्त महत्त्वाचा वाटतो. तीन महिन्यांनी पुढची वीस वर्षं याच घरात डोळ्यांसमोर आण, थरकाप होतोय का बघ, आणि होत असेल तर मला परत लिही, तेव्हा आपण फ्लॅटचं वेगळ्या पद्धतीनं बोलू, वकिलाबरोबर.

नवऱ्याचा जोक. तो आवडला नाहीच मला, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही, आणि ते त्याला स्पष्ट सांग, एकट्यात, "हे तू चारचौघात बोललास की मला लागतं, परत नको." एवढंच. पण जरा त्याच्या बाजूनंही बघते. तू त्याला गोष्ट दोन वाक्यांत सांगितलीस, त्या दोन वाक्यांत नवरा फक्त मरायच्या कामाचा आहे. त्याला लागलं असणार, आणि आपल्याकडच्या पुरुषांना लागलं की ते जोक करतात. मला त्या गोष्टीतल्या ब्रेंटली मॅलार्डची नेहमी दया येते बाई. बिचारा छत्री घेऊन दमून घरी येतो, दारात मेव्हणी किंचाळते, मित्र आडवा येतो, बायको कोसळते, आणि त्याला काय झालं ते कुणी सांगत नाही. त्याच्या मनातलं एक वाक्य गोष्टीत नाही.

म्हणून तू त्याला एक प्रश्न विचारलास की नाही ते मला कळत नाहीये. तोही 40 दिवस एकटा होता ना चेन्नईला. त्याला काय मोकळं वाटलं तिकडे? विचार ना. राग न येऊ देता ऐकायची तयारी असेल तरच विचार, कारण तो म्हणू शकतो की रविवारी दहापर्यंत झोपता आलं, कुणाला मिसळीला न्यायचं नव्हतं. कोण जाणे, कदाचित तो 13 वर्षं तुला आवडते म्हणून नेत असेल! असं घडलेली दोन घरं तरी मला माहितेत, एकात फ्लॉवरची भाजी होती आणि एकात चक्क माथेरान.

बोलताना ती गोष्ट मध्ये आणू नकोस. पुस्तक टेबलावर ठेवून भांडलं की समोरचा पुस्तकाशी भांडतो. मुलगा क्लासला असेल अशी वेळ बघ, गाडीत बसून बोललात तर अजून बरं, दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात, डोळ्यांत बघावं लागत नाही. सुरुवात मिसळीपासून कर. "अरे, मला एक सांगायचंय, हसू नकोस."

ग्रुप सोडू नकोस. काकूंवर रागावूही नकोस, फक्त पुढच्या वेळी त्यांना प्रेमानं विचार, काका गावाला गेले की तुम्ही काय करता हो? बघ किती वेळ बोलतात.

आता तो गाळलेला शब्द. शोपॅनबाईंच्या त्या वाक्यात आपली इच्छा दुसऱ्यावर लादायचा हक्क आहे असं कोण समजतं, तर पुरुष आणि बायका, दोन्ही. बायकाही. 1894 मध्ये, सहा मुलांच्या एका विधवा आईनं लिहिलंय ते.

रशियन लेखक चेखॉव्हची 'डार्लिंग' म्हणून एक गोष्ट आहे, 1899 ची. ओलेंका, जो पुरुष आयुष्यात येईल त्याचीच मतं स्वतःची करते, नाटकवाला असला की नाटकाबद्दल, लाकडाच्या वखारीचा मॅनेजर असला की लाकडाच्या भावाबद्दल, जनावरांचा डॉक्टर असला की गुरांच्या रोगाबद्दल बोलते, आणि कुणीच नसलं की तिला कशाबद्दल काही वाटतच नाही. शेवटी तिला दुसऱ्याचा एक शाळकरी मुलगा सांभाळायला मिळतो आणि ती सगळी माया त्याच्यावर ओतते, त्याच्या मागे मागे शाळेपर्यंत जाते, त्याला लाज वाटते, तो म्हणतो मावशी तू घरी जा, मी जातो एकटा. गोष्ट संपते तेव्हा तो झोपेत बडबडतोय, निघ, मारामारी करू नकोस, असं काहीतरी, कुणाशी तरी भांडतोय स्वप्नात.

तू पत्रात लिहिलंस की मुलगा हल्ली बाथरूमचं दार आतून लावून बराच वेळ बसतो आणि तुला काळजी वाटते. 11 वर्षांचा आहे गं. आणि हो, त्यालाही विचार, मिसळ आवडते का म्हणून.